वॉकर आडनाव : लोकरी कापड तुडवणाऱ्यांचा वारसा

जॉनी वॉकरच्या बाटलीवर उंच टोपी घालून ढांगा टाकत निघालेला माणूस असतो. हे चित्र 1908 मध्ये टॉम ब्राउन या व्यंगचित्रकाराने काढले. ज्यांच्या नावावरून हा ब्रँड आला ते जॉन वॉकर स्कॉटलंडमधल्या किलमार्नॉकचे किराणा दुकानदार. 1820 मध्ये त्यांचे दुकान सुरू झाले. वॉकर म्हणजे चालणारा, हा समज या चित्राने जगभर पक्का केला. आडनावाचा उगम मात्र निराळा आहे. हे आडनाव लोकरी कापड पाण्यात तुडवून घट्ट करणाऱ्या कारागिराचे.

जुन्या इंग्रजीत 'वेआल्कान' या क्रियापदाचा अर्थ लोळवणे, घोळवणे, उलटसुलट करणे असा होता. त्यावरून कापड तुडवणारा तो 'वेआल्केरे'. चालण्याचा अर्थ या धातूला पुढे चिकटला. चौदाव्या शतकाच्या शेवटी विक्लिफच्या इंग्रजी बायबलमध्ये, पृथ्वीवरच्या कोणाही कापड साफ करणाऱ्याला जमणार नाही इतकी येशूची वस्त्रे शुभ्र झाली, अशा अर्थाचे वाक्य येते. तिथे त्या कारागिरासाठी 'फुलर' आणि 'वॉकर' हे दोन्ही शब्द शेजारी शेजारी लिहिले आहेत. एका भागात एक शब्द चाले, दुसऱ्या भागात दुसरा; वाचणाऱ्याला दोन्हीकडे कळावे म्हणून ही सोय.

या कामाची गरज का पडे, हे समजल्याशिवाय आडनावाचा प्रसार समजत नाही. मागावरून उतरलेले लोकरी कापड वापरण्याजोगे नसे. सूत कातताना लोकरीला तेल किंवा लोणी लावलेले असे, त्यात मेंढीच्या अंगची चरबी, आणि विणही विरविरीत. असे कापड लाकडी किंवा दगडी कुंडीत टाकून त्यावर शिळे मूत्र ओतत आणि कुंडीत उतरून पायांनी तुडवत. काही दिवस मुरलेल्या मूत्रात अमोनिया तयार होतो आणि तो चरबीशी मिसळून साबणासारखा वागतो. नंतर एक विशिष्ट माती घालत. ही माती तेल शोषून घेते. आपल्याकडे चेहऱ्याला लावतात ती मुलतानी माती याच जातीची. मग स्वच्छ पाण्यात धुऊन पुन्हा तुडवण. लोकरीच्या तंतूवर बारीक खवले असतात. ओल, ऊब आणि सततची हालचाल मिळाली की हे खवले एकमेकांत अडकतात आणि तंतू एकाच दिशेने सरकत घट्ट होत जातात. एकदा अडकलेले तंतू पुन्हा सुटत नाहीत. कापड आटते, रुंदीत एक तृतीयांश घट येणे नेहमीचे होते.

इथे चुकायला भरपूर वाव होता. कापडाची घडी वेळोवेळी मोडून फिरवली नाही तर घडीच्या जागी कायमची वळी पडे आणि पोत पट्ट्यापट्ट्यांचा होई. माती नीट चाळलेली नसली तर खड्यांनी धागे तुटत. माती धुऊन निघाली नाही तर रंग एकसारखा चढत नसे. तुडवण कमी पडली तर कापड विरळ राही, जास्त झाली तर जाड, ताठ आणि अरुंद होई. अरुंद कापड विकणे कायद्याने अडचणीचे होते, कारण इंग्लंडच्या राजाने दिलेल्या 1215 च्या मॅग्ना कार्टा या सनदेने रंगीत लोकरी कापडाची रुंदी दोन्ही काठांच्या आत 2 एल (एल हे कापड मोजण्याचे जुने माप) ठरवून दिली होती. म्हणून ओले कापड आकडे (हुक) लावलेल्या लाकडी चौकटीवर ताणून वाळवत. चौकटीवर गरजेपेक्षा जास्त ताणून माप भरून काढण्याची लबाडीही होई. असे कापड पहिल्या पावसात पुन्हा आटे. वाळलेल्या कापडावर टीझल नावाच्या झाडाच्या वाळक्या काटेरी बोंडांनी लव उभी करत आणि मोठ्या कात्रीने ती सारखी कापत. कात्री चालवणाऱ्याचे आडनाव शर्मन, रंगाऱ्याचे उत्तरेत लिस्टर, विणकराचे वेब किंवा वेबस्टर. एका कापडाच्या वाटेवर अशी अर्धा डझन आडनावे उभी आहेत.

बाराव्या शतकात पायांची जागा पाणचक्कीवरचे लाकडी घण घेऊ लागले. इंग्लंडमधल्या अशा चक्क्यांच्या सर्वांत जुन्या नोंदी टेम्पलर या ख्रिस्ती धर्मयोद्ध्यांच्या संघाच्या 1185 च्या मालमत्तापाहणीत सापडतात. त्यांतली एक यॉर्कशरमधल्या न्यूसमची, आजच्या लीड्सजवळची. शहरातल्या कारागिरांना हे आवडले नाही. लंडनचे कापड स्ट्रॅटफर्डच्या चक्क्यांवर पाठवू नये म्हणून 1298 मध्ये तिथल्या कापड तुडवणाऱ्यांनी विरोध केला. तरी धंदा उतारावरच्या वेगवान नद्यांकडे सरकत राहिला. इंग्लंडात आडनावे पिढीजात होण्याचा मुख्य काळही हाच, साधारण 1250 ते 1400. म्हणजे ज्या पिढ्यांत पायाने तुडवणे मागे पडत होते, त्याच पिढ्यांत तुडवणाऱ्याचे नाव घराण्याला कायमचे चिकटले. चक्की चालवणारा स्वतः कुंडीत उतरत नसला तरी लोक त्याला वॉकरच म्हणत.

नकाशा पाहिला तर एकाच धंद्याची तीन आडनावे तीन पट्ट्यांत दिसतात. उत्तर इंग्लंड, मिडलँड्स आणि स्कॉटलंडच्या सखल भागात वॉकर; आग्नेय भाग आणि ईस्ट अँग्लियात फुलर; नैर्ऋत्येला, डेव्हन आणि सॉमरसेटकडे टकर. डेव्हनमधल्या एक्सेटर शहरात या कारागिरांच्या संघाचे 1471 चे टकर्स हॉल आजही उभे आहे. वेल्समध्ये अशा चक्कीला 'पांडी' म्हणत, टोनीपांडी गावाच्या नावात ती अजून आहे. पण वेल्समध्ये बापाच्या नावावरून आडनाव लावण्याची रीत असल्याने धंद्याची आडनावे तिथे फारशी रुजली नाहीत. स्कॉटलंडच्या डोंगराळ भागातले गेलिक 'मॅक अन उखकदर', म्हणजे कापड तुडवणाऱ्याचा मुलगा, इंग्रजीत येताना बऱ्याचदा नुसते वॉकर झाले. हेब्रिडीज बेटांवर बायका फळीभोवती बसून, गाण्याच्या ठेक्यावर ट्वीड हे जाड लोकरी कापड हाताने आपटत. ही पद्धत तिथे विसाव्या शतकापर्यंत टिकली.

तीन नावांत संख्येने वॉकर पुढे गेले. 1853 च्या नोंदींवरून इंग्लंड-वेल्समधल्या सर्वाधिक आढळणाऱ्या आडनावांची यादी झाली तेव्हा ते पहिल्या विसांत होते. अमेरिकेच्या 2010 च्या जनगणनेत ते सुमारे 5 लाख 23 हजार लोकांचे आडनाव होते. तिथल्या वॉकरांपैकी साधारण एक तृतीयांश कृष्णवर्णीय आहेत. 1865 मध्ये गुलामगिरी संपल्यावर मुक्त झालेल्या कुटुंबांनी आडनावे नोंदवली; काहींनी मालकाचे ठेवले, काहींनी स्वतः निवडले. केसांच्या प्रसाधनांचा मोठा व्यवसाय उभारणाऱ्या मॅडम सी. जे. वॉकर यांना हे आडनाव लग्नाने मिळाले. त्यांचे जन्मनाव सारा ब्रीडलव्ह.

मराठी इतिहासात हे आडनाव बडोद्याच्या गायकवाडी दरबारात भेटते. स्कॉटलंडच्या फाइफ परगण्यातले अलेक्झांडर वॉकर तिथे ईस्ट इंडिया कंपनीचे रेसिडेंट होते. काठेवाडच्या संस्थानिकांनी गायकवाडांना द्यायची खंडणी ठरवणारा 1807 चा करार 'वॉकर सेटलमेंट' म्हणून ओळखला जातो. त्यांची कागदपत्रे एडिंबरोच्या राष्ट्रीय ग्रंथालयात आहेत आणि त्या काळच्या अभ्यासकाला ती टाळून चालत नाही.

वॉकर घराण्याचा माग काढणाऱ्याने पहिल्यापासून एक गोष्ट धरून चालावी : हे आडनाव शेकडो गावांत स्वतंत्रपणे तयार झाले, त्यामुळे दोन वॉकर कुटुंबांचा मूळ पुरुष एकच असेल असे मानू नये. मागे जाताना इंग्लंड-वेल्सची नागरी नोंदणी 1837 पर्यंत आणि स्कॉटलंडची 1855 पर्यंत नेते. त्याआधी चर्चच्या नोंदवह्या, त्या इंग्लंडात 1538 पासून सुरू होतात. 1841 च्या जनगणनेतले वय शब्दशः घेऊ नये, कारण 15 वर्षांवरच्यांचे वय बहुधा 5 च्या पटीत खाली उतरवून लिहिले आहे. शिवाय जन्मगाव त्यात नाही, ते 1851 मध्ये सापडते. मध्ययुगीन लॅटिन कागदांत कारकून या धंद्याला 'फुल्लो' लिहीत, तेव्हा तोच माणूस एका कागदात फुल्लो आणि दुसऱ्यात वॉकर असू शकतो. 1379 च्या डोईपट्टीच्या यादीत नावापुढे धंदाही लिहिला असेल तर तो आधी पाहावा : वॉकर नावाच्या माणसाचा धंदा दुसराच असेल, तर आडनाव त्या घरात पिढीजात झाले होते असे धरता येते. आणि टाइन नदीकाठचे कुटुंब असेल तर आणखी एक शक्यता तपासावी लागते. न्यूकॅसलमध्ये वॉकर नावाची वस्ती आहे. तिचे नाव रोमन भिंतीजवळच्या दलदलीवरून पडले आहे, लोकरीशी त्याचा संबंध नाही, आणि गावावरून आडनाव घेतलेल्या घराण्याचा धंदा काहीही असू शकतो.