हँडिकॅपरची वही कशी वाचायची

क्रीडा पैजांचं शास्त्र शिकू पाहणारा माणूस बहुतेक वेळा एकाच आकड्यापासून सुरुवात करतो: अमुक हँडिकॅपरचे, म्हणजे सामन्यांचा अभ्यास करून पैजेसाठी अंदाज सांगणाऱ्याचे, शंभरातले किती अंदाज बरोबर आले? नुसत्या या आकड्यावरून फारसं काही कळत नाही.

चांगला हँडिकॅपर सामना कोण जिंकणार हे सांगत नसतो. दोन्ही बाजूंची ताकद आकड्यांत मांडून, बाजारातला भाव असायला हवा त्यापेक्षा जास्त मिळतोय का, हे तो शोधतो. तुल्यबळ बाजूंवर बुकी सहसा दोन्हीकडे १.९१ च्या आसपास भाव ठेवतो. म्हणजे १०० लावले आणि जिंकलात तर मुद्दलासकट १९१ हातात येतात. १ ला १.९१ ने भागलं की ५२.३६ टक्के येतात. एवढ्या पैजा जिंकल्या तर कुठे हिशेब शून्यावर येतो. दोन्ही बाजूंचे टक्के मिळवले तर १०४.७ भरतात. शंभराच्या वरचे ४.७ म्हणजे बुकीचा कट.

आता समजा, एकाने १०० पैकी ५५ अंदाज बरोबर दिले. कौतुक करण्याआधी एवढं बघा: १०० माणसांना प्रत्येकी १०० वेळा नाणं उडवायला लावलं, तर त्यांतले साधारण १८ जण ५५ किंवा त्याहून जास्त वेळा ‘बरोबर’ येतील. उरलेले अंदाज सांगणं सोडून देतात, म्हणून आपल्याला दिसतात ते हे १८. खरोखर ५५ टक्क्यांची कुवत असलेला माणूस ५२.३६ वाल्यापासून नशीब वगळून वेगळा ओळखायचा, तर साधारण १,४५० अंदाजांची नोंद लागते. एका हंगामाच्या यशावर विश्वास ठेवणं घाईचं होतं ते यामुळेच.

मग शिकायचं कशावरून? भावावरून. इथे मात्र बारकाईने बघायला हवं, कारण बहुतेकांची चूक इथेच होते.

१.९१ भावाने ५५ टक्के जिंकणाऱ्याला दर १०० रुपयांमागे सरासरी ५ रुपये सुटतात. पण त्याचा अंदाज जाहीर झाला की बरेच जण त्याच बाजूवर तुटून पडतात आणि भाव उतरतो. तुम्ही पोहोचेपर्यंत तो १.८३ झाला असेल, तर त्याच ५५ टक्क्यांवर जेमतेम ६५ पैसे उरतात. १.८० झाला असेल तर तुम्ही रुपयाभर तोट्यात. अंदाज तोच, निकालही तोच. त्याची वही नफा दाखवते आणि तुमची तोटा. म्हणून त्याने लिहिलेला भाव आणि त्या क्षणी प्रत्यक्ष मिळत असलेला भाव, दोन्ही वेगळे नोंदवायचे.

तिसरा भाव सगळ्यांत मोलाचा: सामना सुरू होण्याआधी बाजार बंद होतानाचा. तोवर दुखापती, संघनिवड, हवामान, जाणकारांचा पैसा असं बरंच काही त्यात मुरलेलं असतं, त्यामुळे मोठ्या बाजारात शक्यतेचा तो सहसा सर्वांत चांगला अंदाज असतो. आधी त्यातून बुकीचा कट काढायचा. समजा बंद भाव १.६० आणि २.४० आहेत. त्यांचे टक्के ६२.५ आणि ४१.६७, बेरीज १०४.१७. प्रत्येकाला बेरजेने भागलं की ६० आणि ४० उरतात. ६० टक्क्यांचा रास्त भाव १.६७. हँडिकॅपरने तीच बाजू १.७५ ला घेतली असेल, तर निकाल काहीही लागो, त्याने सुमारे ५ टक्के जास्त भाव मिळवला. एका पैजेचा निकाल पूर्ण नफा नाहीतर पूर्ण तोटा असा झोके खातो. भावातला हा फरक त्या मानाने खूप कमी हलतो. त्यामुळे कुवत आहे की नाही, याची चाहूल शे-दोनशे नोंदींतही लागू शकते. लहान स्पर्धांमध्ये मात्र जपून: तिथे मूठभर पैशानेही भाव हलतो, आणि खुद्द हँडिकॅपरच्या अनुयायांनीच तो हलवलेला असू शकतो.

खरं शिकणं मात्र आपला अंदाज आधी लिहिण्यातून होतं. त्याची टिप उघडण्याआधी आपली शक्यता टक्क्यांत लिहायची, मग त्याची बाजू बघायची. उलट्या क्रमाने केलं तर त्याचं मत डोक्यात बसतं आणि आपण आपल्यालाच पटवत राहतो. आपले टक्के तपासायला ग्लेन ब्रायर या हवामानतज्ज्ञाने १९५० मध्ये सुचवलेलं माप उत्तम आहे. ७० टक्के म्हणालात आणि ती बाजू जिंकली, तर ०.३० चा वर्ग ०.०९, हरली तर ०.७० चा वर्ग ०.४९. सगळ्यांची सरासरी काढायची, जितकी कमी तितकी चांगली. डोळे मिटून प्रत्येक वेळी ५० टक्के म्हणणाऱ्यालाही ०.२५ मिळतात, हे लक्षात ठेवा. कट काढलेल्या बंद भावाचीही हीच सरासरी काढून शेजारी ठेवा; तुलना त्याच्याशी करायची.

काही हँडिकॅपर एखाद्या अंदाजाला एक युनिट (म्हणजे पैजेची ठरवलेली एक रक्कम) लावतात, दुसऱ्याला पाच. अशी वही प्रत्येकी एक युनिट धरून पुन्हा मोजावी. नफा गायब झाला, तर तो दोन-चार मोठ्या पैजांचा प्रताप होता. रक्कम ठरवण्यासाठी जॉन केली यांचं १९५६ चं सूत्र वापरतात: अपेक्षित नफ्याला भावातून एक वजा करून भागायचं. ५५ टक्के आणि १.९१ ला ते भांडवलाच्या साडेपाच टक्के सांगतं. पण कुवत प्रत्यक्षात ५२ टक्केच असेल, तर उत्तर शून्याच्या खाली जातं, म्हणजे पैज लावूच नये. तीन टक्क्यांच्या चुकीने एवढा फरक पडतो, म्हणून जाणकार या सूत्राचा अर्धा किंवा पाव हिस्साच घेतात. ५५ टक्केवाल्यालाही १,००० पैजांत कधीतरी सलग आठ हरण्याची वेळ येण्याची शक्यता निम्म्याहून जास्त असते, आणि तेव्हा रक्कम वाढवून भरपाई करायला जाणं सर्वांत महागात पडतं.

हा सगळा अभ्यास एक रुपयाही न लावता, कागदावर होतो. दोनशेएक नोंदी झाल्या की तुमचे आणि हँडिकॅपरचे टक्के जिथे पाचहून जास्त अंतरावर होते, तेवढे सामने बाजूला काढा आणि कारणांनुसार लावा: दमलेला संघ, बदललेला गोलंदाज किंवा गोलरक्षक, ओलं मैदान. प्रत्येक गटात बंद होताना भाव कोणाच्या बाजूला सरकला ते पाहा. ज्या गटात तो सारखा त्याच्याकडे सरकतो, तिथे त्याला तुमच्याहून जास्त कळतं. त्या प्रकारचे सामने पुन्हा उघडून तुमच्या हिशेबात काय सुटलं ते शोधा.