केनेट नदीतले किडे कशाने मेले?

इंग्लंडच्या विल्टशायर परगण्यातून वाहणारी केनेट नदी पुढे रेडिंगला टेम्सला मिळते. जुलै २०१३ मध्ये तिथल्या स्वयंसेवकांनी नेहमीच्या पाहणीसाठी जाळं घातलं, तर एरवी वळवळणारे किडे आणि झिंग्यासारखे बारके जीव जवळपास नाहीसे झालेले. शोध घेता घेता क्लोरपायरीफॉस हे कीटकनाशक सापडलं. ते मार्लबरोच्या सांडपाणी केंद्रातून नदीत उतरलं होतं आणि सुमारे १५ किलोमीटरचा पट्टा बाधित झाला होता. आपल्याकडे कृषी सेवा केंद्रात हे नाव कुणाला नवीन नाही. किडे मारण्यासाठीच बनवलेलं औषध ते. नदीतल्या किड्यांना वेगळं कसं ओळखणार?

बाटलीत भरून प्रयोगशाळेत नेलेलं पाणी त्या घटकेचं असतं. रात्री सोडलेली घाण सकाळपर्यंत पुढे निघून गेलेली असते. तळातले किडे मात्र महिनोन्‌महिने, काही तर वर्ष-दोन वर्षं, तिथेच मुक्कामाला असतात. वाईट पाणी येऊन गेलं, की त्यातले नाजूक आधी जातात.

कोण नाजूक, ते बरंचसं श्वासावर ठरतं. मेफ्लाय आणि स्टोनफ्लाय हे उडणारे कीटक, पण त्यांची पिल्लं पाण्यात वाढतात. मेफ्लायच्या पिल्लाला बहुधा तीन शेपट्या असतात आणि पोटाच्या दोन्ही कडांना पातळ पापुद्र्यांसारखे कल्ले. स्टोनफ्लायच्या पिल्लाला शेपट्या दोनच. स्टोनफ्लायला थंड, खळाळतं पाणी लागतं. ऑक्सिजन कमी पडला, की ती दगडाला पाय रोवून पैलवानासारखी जोर काढू लागते, म्हणजे कल्ल्यांवरून पाणी फिरतं. उलट, गाळातल्या कायरोनोमस अळीच्या अंगात हिमोग्लोबिन असतं, म्हणून ती लालभडक दिसते आणि घाणीतही तग धरते. फिशटँकवाले ज्यांना ट्युबिफेक्स म्हणून ओळखतात, ते लाल धाग्यांसारखे कृमीही त्याच पंगतीतले.

पाहणीची पद्धत साधी आहे. प्रवाहात जाळं धरायचं, त्याच्या वरच्या अंगाला पायाने तळ ढवळायचा, सुटलेले जीव जाळ्यात येतात. मग पांढऱ्या ट्रेमध्ये पाणी घेऊन त्यांची कुळं, म्हणजे जवळच्या नात्यातल्या जातींचे गट, ओळखायची. ब्रिटनमध्ये अनेक वर्षं वापरात असलेल्या जुन्या गुणपद्धतीत स्टोनफ्लायच्या बऱ्याच कुळांना १०, कायरोनोमस अळीच्या कुळाला २, तर ट्युबिफेक्सच्या गटाला १ गुण. एक सापडला काय नि हजार सापडले काय, गुण तेवढेच. बेरजेला कुळांच्या संख्येने भागलं की सरासरी मिळते; ती जितकी जास्त, तितकं पाणी चांगलं. मला यातलं सगळ्यात आवडतं ते हे, की थोड्या प्रशिक्षणावर कॉलेजची पोरंही हे काम करू शकतात. आपल्या केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाचेही असेच निकष आहेत. त्यात कुळांचे गुण आणि जीवांची विविधता पाहून पाण्याचे पाच वर्ग पाडतात.

किड्यांकडून विषाचं नाव मात्र कळत नाही, त्यासाठी रासायनिक तपासणीच हवी. शिवाय ब्रिटिश गुण इथे जसेच्या तसे लावले तर फसगत होते. पठारावरच्या संथ, कोमट नदीत मे महिन्यात स्टोनफ्लाय दिसली नाही म्हणून ती नदी लगेच घाण ठरत नाही. तुलना करायची ती त्याच नदीच्या वरच्या, गाव लागण्याआधीच्या पट्ट्याशी आणि त्याच ऋतूत. पूर येऊन तळच धुऊन निघाला असेल, तर पाणी ओसरून किडे पुन्हा वस्तीला येईपर्यंत जाळं घरीच राहू द्यावं.