छोट्या रेल्वेचं प्रदर्शन: जागेच्या अडचणीतून घडलेला लेआउट

ब्रिटनमधल्या लहानमोठ्या गावांत शनिवार-रविवार गाठून शाळेच्या किंवा चर्चच्या हॉलमध्ये मॉडेल रेल्वेचं प्रदर्शन भरतं. ते भरवतो गावातला क्लब. पाहुणे क्लब आपापले लेआउट, म्हणजे रूळ, स्टेशन आणि देखाव्यासह मांडलेल्या छोट्या रेल्वे, व्हॅनमधून आणतात, सकाळी जोडतात आणि दुसऱ्या संध्याकाळी सुटे करून घेऊन जातात. एका बाजूला जुनी इंजिनं आणि डबे विकणारे स्टॉल असतात, कोपऱ्यात चहा आणि केक. ही पद्धत रुळायला अनेक दशकं लागली, आणि तिच्यातल्या जवळजवळ प्रत्येक बदलामागे जागेची अडचण होती असं मला वाटतं.

सुरुवात खेळण्यांपासून झाली. जर्मनीतल्या मेर्कलिन कंपनीने 1891 मध्ये लाइपझिगच्या जत्रेत ठरावीक मापाच्या रुळांचे संच मांडले. एकदा घेतलेल्या संचाला पुढे आणखी रूळ, सांधे, डबे जोडत जाता येऊ लागले. ब्रिटनमध्ये नॉर्दॅम्प्टनच्या बॅसेट-लोक यांनी खऱ्या इंजिनांबरहुकूम मॉडेल्स विकायला सुरुवात केली, आणि हौशी प्रौढांचा एक वर्ग तयार झाला. 1910 मध्ये लंडनला ‘मॉडेल रेल्वे क्लब’ स्थापन झाला. हा क्लब आजही चालू आहे. वेस्टमिन्स्टरच्या सेंट्रल हॉलमधलं त्याचं ईस्टरचं प्रदर्शन पुढे कित्येक वर्षं या छंदाचा मोठा मेळावा होता.

तेव्हाची प्रचलित मापं मात्र ऐसपैस होती. ‘ओ गेज’ या मापात दोन रुळांमधलं अंतर 32 मिमी, आणि त्याच्या वळणांना अख्खी खोली लागे. दोन महायुद्धांच्या मधल्या काळातल्या साध्या घरांत एवढी मोकळी खोली कुठून येणार? 1922 च्या सुमारास बिंग या जर्मन कंपनीची, जेवणाच्या टेबलावर मावेल अशी जवळपास निम्म्या मापाची रेल्वे बॅसेट-लोक यांच्यामार्फत ब्रिटनमध्ये आली. त्यातूनच 16.5 मिमी रुळाचं माप पक्कं झालं आणि 1938 मध्ये ‘हॉर्नबी डब्लो’ ही त्या मापाची रेल्वे बाजारात उतरली.

इथे ब्रिटिशांनी एक तडजोड केली, ती आजतागायत टिकून आहे. युरोपात या रुळावर 1:87 प्रमाणातल्या गाड्या धावतात. पण ब्रिटिश इंजिनं मुळातच अंगाने लहान. त्या प्रमाणात केली की त्या काळची विजेची मोटर आत मावेना. म्हणून इंजिन 1:76 चं केलं आणि रूळ तोच ठेवला. परिणामी मॉडेलमधला रूळ खऱ्या हिशोबाने 1435 मिमीऐवजी सुमारे 1257 मिमीचा भरतो. समोरून येणारी गाडी पाहिली की तिची चाकं थोडी आत ओढल्यासारखी दिसतात. ज्यांना हे सहन होईना ते 18.2 मिमी, आणि पुढे अगदी काटेकोर 18.83 मिमीकडे वळले. बाजारात तयार रूळ नव्हते म्हणून ते हाताने बनवण्याचे कष्ट या मंडळींनी आनंदाने घेतले. त्यांच्याबद्दल मला मनापासून आदर आहे.

नुसती गाडी धावणं म्हणजे लेआउट नव्हे, ही समज जॉन अहर्न यांच्या ‘मॅडर व्हॅली’ या लेआउटने रुजवली. त्यात गाव, बंदर, गल्ल्या, दुकानं सगळं होतं, आणि रेल्वे त्या प्रदेशाचा एक भाग होती. हा लेआउट आता ऑक्सफर्डशायरमधल्या पेंडन संग्रहालयात आहे. पेंडनचे संस्थापक रॉय इंग्लंड मूळचे ऑस्ट्रेलियाचे. आसपासची गवताने शाकारलेली जुनी घरं नाहीशी होताना पाहून त्यांनी ती मोजून, टिपून मॉडेलमध्ये जपायचं ठरवलं.

प्रदर्शनाच्या दृष्टीने मात्र सर्वात मोलाची युक्ती ‘फिडल यार्ड’ची. दर्शनी भागात एक टर्मिनस स्टेशन आणि थोडी लाइन असते. गाडी पुलाखाली किंवा बोगद्यात शिरते, आणि पडद्यामागे लपलेल्या यार्डात उभी राहते. तेच यार्ड उरलेल्या देशाचं काम करतं. तिथे हाताने गाड्या बदलायच्या, इंजिनं फिरवायची आणि वेळापत्रकाप्रमाणे पुन्हा बाहेर सोडायच्या. पीटर डेनी या धर्मोपदेशकांच्या ‘बकिंगहॅम’ लेआउटने ही रीत लोकप्रिय केली. सोबत चालवणारा मुलगा हाताशी नसेल तेव्हा दुसऱ्या टोकाचं काम सांभाळायला त्यांनी एक स्वयंचलित यंत्रही बनवलं होतं. 1957 मध्ये सी. जे. फ्रीझर यांनी ‘मायनोरीज’ हा आराखडा मांडला. त्यात शहरातलं अख्खं गजबजलेलं टर्मिनस मिटून ठेवता येईल एवढ्या फळ्यांवर बसलं. लेआउट फळ्याफळ्यांत विभागला गेला, तेव्हाच तो गावोगाव नेणं सोपं झालं.

यानंतर ब्रिटिश रेल्वेत काटछाट सुचवणारा 1963 चा बीचिंग अहवाल आला. त्यात 2,363 स्टेशनं बंद करण्याची शिफारस होती. 1968 मध्ये ब्रिटिश रेल्वेच्या मुख्य मार्गांवरचं वाफेचं इंजिनही थांबलं. आज प्रदर्शनांत शाखामार्गांवरची छोटी स्टेशनं इतकी का दिसतात, याचं उत्तर बऱ्याच अंशी इथे आहे. बंद पडलेल्या स्टेशनाचे नकाशे आणि फोटो गोळा करून क्लबची माणसं ते पुन्हा उभारतात, आणि प्रदर्शनात एखादे आजोबा येऊन सिग्नल केबिन नेमकी कुठे होती ते सांगतात.

आपल्याकडे पुण्यात, कोथरूडला भाऊ जोशी यांचं छोट्या रेल्वेचं संग्रहालय 1 एप्रिल 1998 पासून लोकांसाठी खुलं आहे. तो कायमचा मांडलेला लेआउट आहे. रेल्वेच्या जोडीला त्यात एक अख्खं शहर आहे.

भारतीय गाड्यांची मॉडेल्स करणाऱ्यांपुढे तर ब्रिटिशांपेक्षा मोठा पेच आहे. आपला ब्रॉडगेज 1676 मिमी. 1:87 ला तो साधारण 19.2 मिमी व्हायला हवा, पण तयार मिळतो तो 16.5 मिमीच. नॅरोगेज त्या मानाने सोपं. नेरळ-माथेरानचा 610 मिमी रूळ 1:76 प्रमाणात 8 मिमीचा होतो, आणि ‘एन गेज’ या आणखी छोट्या मापाचा 9 मिमी रूळ त्याच्या बराच जवळ जातो. शिवाय ती लाइन मुळातच इतकी तीव्र वळणांची आहे, की टेबलाएवढ्या जागेतही तिची वळणं खोटी वाटत नाहीत.