तबलीवरचा दशांश मिलिमीटर

गिटार घ्यायची म्हणून कुणी यूट्यूब उघडलं, की तासाभरात त्याला लाकडांचे स्वभाव तोंडपाठ होतात. शिसव ‘वॉर्म’, महोगनी ‘ड्राय’, मेपल ‘ब्राइट’. ब्राझिलियन रोजवुडचं तर विचारूच नका. ही विशेषणं बहुतेक वेळा वाद्याच्या पाठीच्या आणि बाजूंच्या लाकडाला चिकटवलेली असतात, आणि किंमतही तिथेच चढते. त्यावर चकाकतं काय फासलंय, किती जाड फासलंय, हे मात्र कुणी विचारत नाही. माझ्या मते प्रश्नांचा हा क्रम साफ उलटा आहे.

पाठीच्या लाकडाचं प्रकरण आधी मिटवून टाकू. इंग्लंडमधल्या लँकेस्टर विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१८ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. फाइल्ड गिटार्सचे रॉजर बकनॉल यांनी त्यासाठी ६ गिटारी बनवल्या. सगळं शक्य तितकं सारखं, फक्त पाठ आणि बाजू वेगवेगळ्या लाकडांच्या : ब्राझिलियन रोजवुड, भारतीय रोजवुड (म्हणजे आपला शिसव), महोगनी, मेपल, सापेली आणि अक्रोड. ५२ वादकांनी अंधूक उजेडात, डोळ्यांना वेल्डरचे गॉगल लावून त्या वाजवल्या. गुण जवळजवळ सारखेच पडले. महागड्या लाकडाला कौल मिळाला नाही, आणि डोळ्यांना दिसत नसताना कुठली गिटार कुठली हे ओळखणंही जमेना. प्रयोग एकाच कारागिराच्या स्टीलच्या तारांच्या गिटारींवर होता, त्यामुळे तो वेदवाक्य नव्हे. पण हा संशय जुनाच आहे. आजच्या स्पॅनिश गिटारचा आराखडा ज्यांनी बसवला त्या आंतोनियो दे तोरेस यांनी १८६२ मध्येच एका गिटारीची पाठ आणि बाजू चक्क कागदी पुठ्ठ्याच्या केल्या होत्या. ती आज बार्सिलोनाच्या संगीत संग्रहालयात आहे. पाठीला पुठ्ठ्यावर भागवणाऱ्या तोरेसनी पुढची पाटी मात्र उत्तम स्प्रूसची (थंड प्रदेशातल्या एका सूचिपर्णी झाडाची) लावली होती.

या पुढच्या पाटीला मी इथे तबलीच म्हणेन. मिरजेत सतार-तंबोऱ्याचे कारागीर हाच शब्द वापरतात, आणि काम तेच आहे. नुसती तार हवेला फारशी ढकलू शकत नाही, ती हवेला चिरून जाते. तारेचं कंपन घोडीवाटे (तारा जिच्यावर टेकतात त्या पट्टीवाटे) तबलीत उतरतं आणि तबली आपल्या मोठ्या पृष्ठभागानं हवा हलवते. तारेकडे ऊर्जा मोजकीच असते, म्हणून तबली हलकी हवी. पण सहा तारांचा मिळून ७० किलोच्या आसपासचा ताण वर्षानुवर्षं सोसायचा, म्हणून ती ताठही हवी. हलकी आणि ताठ, सगळं भांडण एवढंच.

इथे स्प्रूस जिंकतो. त्याची घनता घनमीटरला ४०० किलोच्या आसपास, शिसवाची ८३० च्या. आणि रेषांच्या दिशेनं ताठपणा, म्हणजे शाळेतला यंगचा गुणांक, दोघांचा जवळपास सारखाच, ११ ते १२ गिगापास्कल. तितकाच ताठ, पण निम्म्या वजनाचा! कारण सूक्ष्मदर्शकाखाली दिसतं. स्प्रूसचा ९० टक्क्यांहून जास्त भाग म्हणजे उभ्या, पोकळ, तीनेक मिलिमीटर लांबीच्या पेशी. त्यांच्या भिंतींतले सेल्युलोजचे धागे जवळजवळ खोडाच्याच दिशेनं लावलेले असतात. या भिंतींची घनता १५०० च्या घरात असते, म्हणजे हिशेब केला तर लाकडाचा सुमारे पाऊण भाग नुसती पोकळी निघतो. पहिल्या महायुद्धात विमानांच्या सांगाड्यांना सिटका स्प्रूस लागत होता, तो याच गुणासाठी.

आता माझ्या आवडीची गोष्ट. हा सगळा ताठपणा एकाच दिशेचा आहे. रेषांना आडवं वाकवायला गेलात तर तोच स्प्रूस १० ते २० पटींनी लवचीक निघतो. बांबूच्या काड्यांची चटई आठवा. एका बाजूनं ती सहज गुंडाळली जाते, दुसऱ्या बाजूनं वाकतही नाही. तबली ही अशी चटई आहे, आणि तिचा आवाज या दोन ताठपणांच्या गुणोत्तरावर बराच अवलंबून असतो. उभा ताठपणा झाडानं दिलेला असतो. आडवा मात्र फळी कशी कापली यावर ठरतो. खोडात गाभ्यापासून सालीकडे जाणारे पेशींचे किरण असतात. फळी बरोबर त्रिज्येच्या दिशेनं काढली, तर हे किरण तिच्या रुंदीत आडवे पडतात आणि तिला बांधून धरतात. काप १०-१५ अंशांनी तिरपा झाला, तरी आडवा ताठपणा लक्षणीय घसरतो. म्हणून जाणते कारागीर फळीच्या टोकाकडून पाहतात : वार्षिक वलयं पाटीला काटकोनात उभी आहेत का? वलयं किती दाट आहेत, एका इंचात किती, हे मिरवायला बरं असतं. ताठपणाचा अंदाज त्यावरून फारसा येत नाही.

एवढी निगुतीनं निवडलेली चटई घेऊन आपण तिच्यावर काय करतो? पॉलिश चढवतो. म्हणजे चटईवर कागद चिकटवतो. कागद कसला जाड, पण चटई गुंडाळून पाहा आता!

थोडं गणित करू, कंटाळा आला तर पुढच्या परिच्छेदावर उडी मारा. पाटीचा वाकण्याला होणारा विरोध जाडीच्या घनाच्या प्रमाणात वाढतो. ३ मिलिमीटरची तबली २.७ केली, तर वजन १० टक्के घटतं, पण ताठपणा २७ टक्क्यांनी पडतो. पदार्थ मध्यापासून जितका दूर, तितकं वाकण्याच्या हिशेबात त्याचं वजन जास्त. आणि पॉलिश बसतं कुठे? सगळ्यात बाहेर. समजा तबली २.५ मिलिमीटर आहे, तिचा आडवा यंग गुणांक ०.७ गिगापास्कल, उभा ११. वर प्लॅस्टिकच्या जातीच्या वार्निशचा फक्त ०.१ मिलिमीटरचा थर आहे, गुणांक ३. वार्निशला रेषा नसतात, ते सगळीकडून सारखंच ताठ. एकीकडच्या थरामुळे मध्यरेषा किंचित सरकते, तेही धरून हिशेब मांडला तर उभा ताठपणा वाढतो ३-४ टक्के. आडवा? ४५ टक्क्यांहून जास्त. वजन वाढतं सुमारे १२ टक्के. तोच थर ०.०३ मिलिमीटरवर आणला, तर आडवी वाढ १५ टक्क्यांच्या आसपास उतरते आणि वजनाची ४ टक्क्यांच्या आत. ही कागदावरची आकडेमोड आहे. खऱ्या तबलीला आतून पट्ट्या चिकटवलेल्या असतात, त्यामुळे फरक सौम्य होतो. पण दिशा स्पष्ट आहे : स्प्रूसनं जपलेलं गुणोत्तर जाड वार्निश बदलून टाकतं. शिवाय ते स्वतः कंपनाची ऊर्जा गिळतं आणि तिची उष्णता करतं. या क्षयाला अवमंदन म्हणतात. त्याचा फटका वरच्या पट्टीतल्या स्वरांशांना जास्त बसतो आणि आवाज बोदा होतो.

म्हणजे ‘रोजवुड की महोगनी’ यापेक्षा ‘थर किती जाड’ हा प्रश्न जास्त कामाचा.

पातळ थरात आजही पहिला मान आहे लाखेला, आणि ती आपल्याकडचीच. केरिया लॅका नावाचे इवलेसे किडे पळस, बोर, कुसुम या झाडांच्या फांद्यांवर बसून रस शोषतात आणि अंगाभोवती राळेसारखं कवच करतात. ते खरवडून, धुऊन, वितळवून पातळ पत्रे ओढले की झाला चपडा. झारखंड आणि छत्तीसगड यात आघाडीवर. आपल्याकडे गोंदिया-गडचिरोलीच्या बाजूलाही लाख होते. रांचीत लाखेसाठी १९२४ मध्ये स्वतंत्र संशोधन संस्था निघाली, यावरून तेव्हाचा व्यापार लक्षात यावा. जुन्या ७८ फेऱ्यांच्या तबकड्याही लाखेच्याच मिश्रणातून बनायच्या. सुतार चपडा स्पिरिटमध्ये विरघळवतात आणि कापडाच्या बोळ्यानं घासत घासत चढवतात. फ्रेंच पॉलिश म्हणतात ते हेच. बोळ्याला तेलाचा थेंब, हलका हात, आणि दिवसामागून दिवस. स्पिरिट उडून जातं, पुढचा हात मागच्या थराला किंचित विरघळवतो आणि दोन्ही एकजीव होतात. त्यामुळे कितीही हात मारले तरी थर पातळच राहतो आणि ओरखडा पडला तर तेवढाच भाग पुन्हा घासता येतो. मात्र लाख नाजूक. घामानं चिकट होते, पाण्याचा डाग धरते, स्पिरिट सांडलं तर संपलंच. मांडीवर घेऊन हळुवार वाजवायच्या नायलॉन तारांच्या गिटारीला हे चालतं. गणेशोत्सवाच्या मांडवात रोज घाम गाळणाऱ्याला नाही.

१९२० च्या दशकात नायट्रोसेल्युलोज लॅकर आलं, मोटारींच्या रंगकामातून. फवारणीच्या पिस्तुलानं उडवायचं, लवकर वाळायचं. तेही पुन्हा विरघळतं, त्यामुळे दुरुस्ती सोपी, पण वर्षांनी पिवळं पडतं आणि बारीक तडे जातात. हेच तडे आता ‘व्हिंटेज’ म्हणून नव्या वाद्यावर मुद्दाम पाडून विकतात, तो विषय वेगळा. पॉलियुरेथेन आणि पॉलिएस्टर रासायनिक जाळं विणून कडक होतात, परत विरघळत नाहीत. कारखान्यात अतिनील दिव्याखाली ते चटकन पिकतात, म्हणून स्वस्त गिटारींवर सर्रास. दोष पदार्थाचा तितका नाही, हाताचा आहे. पातळ मारलेलं पॉलियुरेथेन चांगलंच वाजतं. पण खालच्या लाकडाचे खड्डे लपवायला दशांश-दोन दशांश मिलिमीटर फासलं, की वर सांगितलेलं गणित सुरू. आणि जवसाचं किंवा टंगचं तेल? मानेवर सुंदर लागतं, हात सरकतो. तबलीवर नको. स्प्रूस ते पिऊन घेतो, जड होतो, आणि तेलाचं अवमंदनही जास्त.

वार्निशची चर्चा इटलीतले जुने व्हायोलिन कारागीर स्ट्राडिव्हारी यांच्या ‘हरवलेल्या रहस्या’वर आल्याशिवाय राहत नाही. २००९ मध्ये फ्रेंच संशोधकांनी स्ट्राडिव्हारींच्या पाच वाद्यांवरच्या थराचे सूक्ष्म नमुने तपासून प्रसिद्ध केले. सापडलं काय, तर तेल, पाइनची राळ आणि काहींवर लाल रंगद्रव्य. तेव्हाच्या कुठल्याही रंगाऱ्याच्या कपाटातला माल. तसंच आल्प्समध्ये उतरत्या चंद्राला तोडलेलं ‘चांद्र लाकूड’ जास्त भावानं विकतात. अमावास्येला तोडलेल्या बांबूला कीड लागत नाही असं आपल्याकडेही ऐकवतात, तेव्हा हसायला नको. पण तबलीची निवड करायला वजनकाटा, मोजपट्टी आणि टिचकी पुरते. पाटीची मापं, वजन आणि टिचकीतून निघणारा सूर यांवरून ताठपणा थेट काढता येतो. मग तिथी कशाला विचारायची?

मँडोलिनमध्ये हीच तत्त्वं थोडी वेगळी वागतात. आठ तारा, चार जोड्या, सर्वात खालचा सूर १९६ हर्ट्‌झचा, म्हणजे गिटारच्या ८२ च्या मानानं बराच वर. एवढ्याशा पेटीवरही एकूण ताण गिटारइतकाच. अमेरिकेत कॅलामाझूला गिब्सन कंपनीत लॉइड लोर यांनी १९२२ ते १९२४ च्या दरम्यान घडवून घेतलेलं एफ-५ हे मॉडेल आजही कारागिरांचा मापदंड आहे : स्प्रूसची तबली, मेपलची पाठ, दोन्ही व्हायोलिनसारख्या कमानदार, जाड ठोकळ्यातून कोरून काढलेल्या. घोडी चिकटवलेली नसते, नुसती उभी असते आणि तारा तिला खाली दाबतात. तो दाब कमान पेलते. म्हणजे इथे ताठपणाचा मोठा वाटा आकारातून येतो, आणि मध्याशी पाटीही जाड. त्यामुळे तेवढाच वार्निशचा थर इथे गिटारीपेक्षा कमी नडतो. मेपल का, याचं उत्तर बरंचसं परंपरेत आहे : तो कोरायला चांगला, दिसायला देखणा, आणि व्हायोलिनवाले वापरत होते. कर्नाटक संगीत वाजवणाऱ्या आपल्या यू. श्रीनिवास यांचं मँडोलिन विजेवरचं, भरीव होतं. तिथे पिकअप तारेचंच कंपन टिपतो, तबलीचा प्रश्नच येत नाही.

मिरजेच्या सतार-तंबोऱ्यांना २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. त्यांची तबली तूनाच्या लाकडाची, स्प्रूस नाही, तरी हलक्या लाकडाकडेच ओढा आहे हे पाहण्यासारखं. पाठीला तर भोपळाच.

राहता राहिला पावसाळा. वार्निश दमटपणा रोखतं ही समजूत अर्धीच खरी आहे. ते फक्त वेग कमी करतं, आणि बहुतेक गिटारींच्या आतल्या बाजूला काहीच लावलेलं नसतं. हवेतली सापेक्ष आर्द्रता ४५ टक्के असताना लाकडात वजनाच्या ८-९ टक्के पाणी असतं. कोकणात जुलैत तेच दीडपट-दुप्पट होतं. पाण्याच्या प्रत्येक टक्क्याला स्प्रूसची पाटी रुंदीत साधारण ०.१३ टक्के फुगते. ४० सेंटिमीटर रुंदीला ८ टक्के पाणी वाढलं, तर चार मिलिमीटर. आतल्या पट्ट्या तिला पसरू देत नाहीत, म्हणून ती वर फुगते, तारा उंच जातात आणि बोटं दुखायला लागतात. मे महिन्यातल्या नागपुरात उलटं : लाकूड आक्रसतं आणि रेषेवर चीर जाते. पेटीत एक साधा आर्द्रतामापक आणि पावसाळ्यात सिलिका जेलची पिशवी ठेवली, तर पॉलिशवर खर्च केलेल्या जास्तीच्या पैशांपेक्षा ती जास्त उपयोगी पडते.

मर्यादित पैशांत गिटार घ्यायची तर तबली सॉलिड बघा. आवाजाच्या भोकाच्या कडेला रेषा वरून आत सलग उतरताना दिसल्या की समजा एकसंध आहे, थरावर थर दिसले की प्लायवुड. पाठ आणि बाजू लॅमिनेटच्या असल्या तर बिघडत नाही. उलट तिथले आडवे-उभे थर एकमेकांना फुगू देत नाहीत, आणि रत्नागिरीत राहणाऱ्याला हा फायदाच आहे.