झोपेत आलेली फिट आणि अचानक मृत्यू: दीडशे वर्षं माहीत असलेली गोष्ट पेशंटपर्यंत का पोचली नाही

जुलै 2019 मध्ये डिस्नीचा 20 वर्षांचा अ‍ॅक्टर कॅमेरन बॉइस झोपेतच गेला, नंतर घरच्यांनी कारण सांगितलं, एपिलेप्सी. फिटच्या आजारात माणूस असाही जाऊ शकतो हे तेव्हा बऱ्याच जणांनी पहिल्यांदा ऐकलं. बुडून नाही, अपघातात नाही, पोस्टमॉर्टेममध्येही मृत्यूचं दुसरं कारण सापडत नाही. डॉक्टर याला सुडेप (SUDEP) म्हणतात, म्हणजे एपिलेप्सीत अचानक, अनपेक्षित आलेला मृत्यू. ऐकायला नवीन वाटतं पण मामला जुना आहे.

1868 मध्येच बेकन नावाच्या इंग्लिश डॉक्टरने लॅन्सेट या मेडिकल जर्नलमध्ये फिटवाल्या पेशंटचे मृत्यू कसे कसे होतात यावर लेख लिहिला, त्यात फिटनंतर अचानक येणारा मृत्यू होता. 1904 मध्ये अमेरिकेत विल्यम स्प्रॅटलिंगनेही तेच लिहिलं, आणि हा माणूस न्यूयॉर्क राज्यातल्या क्रेग कॉलनीचा प्रमुख, म्हणजे फिटवाल्यांसाठी वसवलेली अख्खी वस्तीच त्याच्या हाताखाली, त्यामुळे रात्री झोपलेला पेशंट सकाळी उठत नाही हे त्याने पाहिलेलं होतं.

मग फिटवरची औषधं आली, 1912 ला फिनोबार्बिटोन, 1938 ला फेनिटॉइन. फिट आटोक्यात यायला लागल्या, पेशंट वस्त्यांमधून घरी राहायला लागले आणि मृत्यूही घरीच व्हायला लागले, जिथे नोंद ठेवणारं कोणी नाही. सर्टिफिकेटवर हार्ट अटॅक नाहीतर गुदमरून मृत्यू. विसाव्या शतकाच्या मधल्या काळात तर मोठमोठे एक्सपर्ट सांगायचे की नुसत्या फिटने आयुष्य काही कमी होत नाही. हेतू चांगलाच असणार, आधीच कलंक लागलेला आजार, त्यात अजून भीती कशाला घाला. पण त्यापायी माहीत असलेली गोष्टच मागे पडली.

ती परत वर आणली शवागारातल्या डॉक्टरांनी. 1980 च्या दशकात शिकागोकडे लीस्ट्मा आणि त्यांच्या टीमने अशा मृत्यूंच्या फाइली तपासल्या तर बऱ्याच जणांच्या रक्तात फिटच्या औषधाची पातळी फार कमी किंवा औषधच नाही. आणि मला स्वतःला सगळ्यात बोलका वाटतो तो 1995 चा लीना नाशेफ यांचा अभ्यास. इंग्लंडमधली फिटवाल्या मुलांची निवासी शाळा, तिथल्या मुलांपैकी जी अचानक गेली त्यातलं एकही शाळेच्या बारीक देखरेखीखाली असताना गेलेलं नव्हतं, शाळेत रात्री कोणीतरी लक्ष ठेवायचं, मृत्यू झाले ते तशी नजर नसताना आणि बहुतेक वेळी बघणारं कोणी नव्हतंच. म्हणजे शेजारी कोणी असण्याने फरक पडतो की काय, हा प्रश्न तिथून पुढे आला.

त्याच वर्षी ब्रिटनमध्ये घरातलं माणूस गमावलेल्या लोकांनी एपिलेप्सी बिरीव्ह्ड ही संस्था काढली. आम्हाला आधी कोणी सांगितलं का नाही, एवढंच विचारणं होतं त्यांचं. 1997 मध्ये नाशेफ यांनी सुडेपची नीट व्याख्या केली, 2002 मध्ये एपिलेप्सीच्या मृत्यूंचं ब्रिटनभरचं ऑडिट आलं आणि त्यात दिसलं की तपासलेल्या दर पाच मृत्यूंमागे साधारण दोन टाळता आले असते. उपचार कसे करायचे ते ठरवून देणारी तिथली संस्था नाइस, तिच्या 2004 च्या गाइडलाइनमध्ये पेशंटला हे सांगा असं लेखी आलं. आधी गमावलेल्यांनी आवाज केला मग यंत्रणा हलली, हा क्रम लक्षात घ्या.

नक्की होतं काय, ते 2013 मध्ये कळलं. हॉस्पिटलात व्हिडिओ आणि ईईजी (मेंदूच्या विद्युत लहरींची नोंद) चालू असताना झालेले 16 मृत्यू फिलिप रिवलां यांच्या टीमने गोळा केले, त्यातले 14 रात्रीचे. अंग कडक होऊन झटके येणारी मोठी फिट, त्यानंतर थोडा वेळ श्वास जोरजोरात, मग मेंदूचं कामकाज दबतं, श्वास थांबतो, आणि त्याच्यानंतर हृदय. बरेच जण पालथे सापडतात. म्हणून फिटनंतर माणसाला कुशीवर वळवायचं, हाक मारायची, हलवायचं, श्वास बघायचा, नसेल तर सीपीआर (छाती दाबत राहणं) आणि अ‍ॅम्ब्युलन्स. (कांदा आणि चप्पल हुंगवण्यात जाणारी मिनिटं इथे लागतात.)

2017 च्या अमेरिकन गाइडलाइननुसार फिटचा आजार असलेल्या मोठ्यांमध्ये सुडेपचा धोका वर्षाला हजारात एक, म्हणजे बहुतेकांना काहीच होत नाही. पण 2020 च्या स्वीडनच्या अभ्यासात ज्यांना मागच्या वर्षात मोठी फिट आली होती त्यांचा धोका तशी फिट न आलेल्यांच्या 27 पट निघाला. त्यामुळे सगळा खेळ मोठ्या फिट बंद ठेवण्याचा, म्हणजे गोळ्या वेळेवर, आणि दोन-तीन औषधांनी जमत नसेल तर सर्जरीसाठी तपासणी लवकर. हातातली अलार्मवाली घड्याळं आलीत, घरच्यांना जाग येते, पण त्याने मृत्यू टळतो असं अजून सिद्ध नाही.

आपल्याकडे अडचण वेगळ्या ठिकाणी आहे. 1999 पर्यंत हिंदू विवाह कायद्यात लग्नासाठी अपात्र ठरवणाऱ्या गोष्टींमध्ये एपिलेप्सी होती, ती काढली तरी 2023 मध्ये मुंबई हायकोर्टाच्या नागपूर खंडपीठाला परत सांगावं लागलं की एपिलेप्सी हे घटस्फोटाचं कारण होत नाही. त्यामुळे स्थळं बघताना आजार लपतो, सासरी गोळ्यांचा डबा कपाटात मागे जातो, डोस चुकतात, आणि रात्री फिट आली तर शेजारी झोपलेल्याला काय करायचं ते माहीतच नसतं. एखादा डोस राहिला तर कधी आणि किती घ्यायचा हे प्रत्येक औषधाचं वेगळं असतं, पुढच्या व्हिजिटला डॉक्टरांकडून लिहूनच घ्या, जमलं तर घरातल्या त्या माणसाला सोबत घेऊन.