गरम न लागणारा शेक

नागपूरच्या धंतोली-रामदासपेठेतल्या फिजिओथेरपी केंद्रातून बाहेर पडणाऱ्यांची एक तक्रार ठरलेली: "लेझर लावलं म्हणे, पण गरम तं काहीच लागलं नाही!" कोणाची टाच सेमिनरी हिल्सचा चढ पळून धरलेली असते, कोणाचं कोपर बॅडमिंटनने. शेक म्हटला की ऊब हवी, ही आपली पक्की समजूत. कमी शक्तीच्या लेझरचं काम मात्र उबेवर चालतच नाही. शस्त्रक्रियेतला लेझर ऊतक कापतो, जाळतो; या उपचारातला बहुधा अर्ध्या वॅटच्या आतला असतो. काही न लागणं हेच तिथे अपेक्षित आहे.

या उपचाराचा शोध तसा अपघातानेच लागला. १९६७ मध्ये बुडापेस्टचे डॉक्टर एंद्रे मेस्टर यांनी उंदरांच्या पाठीचे केस काढून त्यावर रूबी लेझर सोडला. लेझरने कर्करोग होतो का, हे त्यांना पाहायचं होतं. कर्करोग झाला नाही, उलट त्या उंदरांचे केस लवकर उगवले.

आता टाचेकडे येऊ. पोटरीचा स्नायू टाचेच्या हाडाला जोडणारी कंडरा म्हणजे अकिलीस टेंडन. ती बहुतांशी कोलॅजन या प्रथिनाच्या समांतर तंतूंची बनलेली असते आणि त्यांच्या फटींतून टेनोसाइट नावाच्या मोजक्या पेशी पसरलेल्या असतात. रक्तपुरवठा बेताचाच. टाचेच्या हाडापासून साधारण २ ते ६ सेंटिमीटर वर तो सर्वांत कमी मानला जातो, आणि ही कंडरा तुटते ती बहुतेकदा तिथेच. इजा झाली की या पेशींना आधी इजेच्या जागेपर्यंत सरकावं लागतं, मग संख्या वाढवून नवं कोलॅजन विणावं लागतं. सुरुवातीला घाईघाईत तिसऱ्या प्रकारचं, बारीक आणि विस्कळीत कोलॅजन तयार होतं. त्याच्या जागी पहिल्या प्रकारचं मजबूत कोलॅजन यायला महिनोन्‌महिने जातात.

प्रकाश इथे करतो काय? सर्वाधिक मानलं जाणारं स्पष्टीकरण असं: पेशीतल्या मायटोकॉन्ड्रियामध्ये, म्हणजे तिच्या ऊर्जाकेंद्रात, सायटोक्रोम सी ऑक्सिडेज नावाचं विकर (एन्झाइम) आहे. लाल आणि अवरक्ताजवळचा (निअर-इन्फ्रारेड) प्रकाश ते शोषतं. त्याला चिकटून ऑक्सिजनची वाट अडवणारा नायट्रिक ऑक्साइड त्यामुळे सुटतो आणि पेशीचं इंधन, म्हणजे एटीपी, जास्त तयार होऊ लागतं. तैवानमधल्या संशोधकांनी उंदराच्या अकिलीस कंडरेतल्या पेशींवर ६६० नॅनोमीटर तरंगलांबीचा लाल लेझर सोडला, तेव्हा पेशी अधिक वेगाने सरकल्या आणि त्यासोबत डायनामिन-२ हे प्रथिनही वाढलेलं दिसलं. हा निष्कर्ष २०१२ मध्ये प्रसिद्ध झाला. पेशींची संख्याही वाढते, हे त्याच गटाने पुढे दाखवलं.

प्रयोगशाळेच्या बशीतली पेशी उघडी असते, पायातली नाही. मधल्या त्वचेत, तिला रंग देणाऱ्या मेलॅनिनमध्ये आणि रक्तात बराच प्रकाश विरतो. अकिलीस कातडीलगत आहे म्हणून बरं. खांद्यातल्या खोल कंडरेपर्यंत पुरेसा प्रकाश पोचवणं अवघड. शिवाय मात्रेचं गणित उलटंही फिरतं: कमी दिली तर परिणाम नाही, फार दिली तर पेशींचं काम मंदावतं. "अजून दोन मिनिटं ठेवा ना" हा आपला लाडका आग्रह इथे अंगाशी येऊ शकतो. कंडरेच्या दुखण्यावर लेझर वापरून पाहणाऱ्या २५ चाचण्यांचा आढावा २०१० मध्ये आला. त्यात १२ चाचण्यांत फायदा दिसला, १३ मध्ये स्पष्ट फायदा नव्हता. फायदा दिसलेल्या चाचण्यांत मात्रा बऱ्याच अंशी शिफारशीप्रमाणे होती, म्हणून मला हा उपचार भोंदूपणा वाटत नाही. पण जाहिरातीतला "खात्रीशीर" हा शब्दही त्याला शोभत नाही.

मग मेमधल्या ४५ अंशांच्या उन्हात टाच धरली तर? नागपूरकराला हा प्रश्न सुचणारच. उन्हात लाल आणि अवरक्त प्रकाश भरपूर असतो, पण त्यासोबत उष्णता आणि अतिनील किरणही येतात. त्वचा भाजेल, मात्रा मात्र मोजता येणार नाही.

अकिलीसच्या जुन्या दुखण्यावर अधिक भक्कम आधार आहे तो व्यायामाचा. स्वीडनच्या आल्फ्रेडसन यांनी १९९८ मध्ये मांडलेली पद्धत पायरीच्या कडेवर उभं राहून टाच सावकाश खाली सोडण्याची आहे: दिवसातून दोनदा, १२ आठवडे. लेझर घ्यायचाच तर या व्यायामाच्या जोडीला घ्यावा, आणि तरंगलांबी किती, एका जागी किती ज्यूल (ऊर्जेचं एकक) देणार, हे आधी विचारावं. डोळ्यांवर संरक्षक चष्मा हवाच. ८०८ नॅनोमीटरचा प्रकाश जवळजवळ दिसतच नाही, त्यामुळे तो डोळ्यात गेला तरी पापणी आपसूक मिटत नाही.