मासे खातो म्हणजे हार्ट सेफ?

बीपी-शुगरचा विषय निघाला की आमच्याकडे रत्नागिरी-सिंधुदुर्गात कुणीतरी हमखास म्हणतंच, अरे आपण मासे खाणारी माणसं, आपल्याला हार्टचं काय होतंय, जपान्यांकडे बघ. बरं, बघूया जपान्यांकडे. कारण ही गोष्ट निम्मी खरी आहे, फक्त उरलेली निम्मी कोण सांगत नाही.

खरी निम्मी आधी. १९६५ च्या सुमारास नी-हॉन-सॅन नावाचा अभ्यास सुरू झाला. सगळे पुरुष जपानी वंशाचेच, पण काही जपानातच राहिलेले, काही हवाई बेटांवर होनोलुलूत गेलेल्या कुटुंबांतले आणि काही पार कॅलिफोर्नियात सॅन फ्रान्सिस्कोकडचे. हार्टचा आजार जपानात सगळ्यात कमी निघाला, हवाईत मधला आणि कॅलिफोर्नियात सगळ्यात जास्त. रक्त एकच, मग बदललं काय तर खाणंपिणं, वजन, एकूण राहणी. ज्यांच्या घरात एक भाऊ गावाला शेती बघतो आणि दुसरा लालबाग-परळला चाकरमानी झालाय त्यांना हे वेगळं समजवायला नको.

आता उरलेली निम्मी. याच अभ्यासात अंगावरून वारं जाण्याचं, म्हणजे स्ट्रोकचं प्रमाण नेमकं उलटं होतं, जपानातच जास्त. आणि जपानातही उत्तरेकडच्या अकिता वगैरे भागात तर फारच. लुईस डाल या अमेरिकन डॉक्टरने १९६० मध्ये वेगवेगळ्या देशांतल्या लोकांचं मीठ आणि बीपी शेजारी शेजारी ठेवून दाखवलं, त्यात उत्तर जपानचे लोक दिवसाला साधारण २७ ग्रॅम मीठ खात होते! आज डब्ल्यूएचओ म्हणते ५ ग्रॅमच्या आत ठेवा, म्हणजे सपाट एक छोटा चमचा. तिकडे हिवाळा लांब, बर्फात भाजी नाही, मग खारवलेल्या भाज्या, मिसो (सोयाबीन आंबवून केलेली खारट पेस्ट) आणि खारवलेले मासे यावरच महिने काढायचे. हो, मासेच. पुढे जपानने गावोगाव बीपी तपासलं, मीठ कमी करायच्या मागे लागले, घरोघरी फ्रीज आले आणि स्ट्रोकने मरणारे खूप कमी झाले.

दुसऱ्या टोकाला, म्हणजे मीठ जवळजवळ न खाणारे, ब्राझीलच्या जंगलातले यानोमामी आदिवासी. १९८८ ला इंटरसॉल्ट म्हणून ३२ देशांतल्या दहा हजारांवर लोकांचा अभ्यास छापून आला, त्यात यानोमामींचं सरासरी बीपी ९६/६१ च्या आसपास, आणि वय वाढलं तरी ते चढत नाही. आपण 'वयोमानाने बीपी होणारच' म्हणतो ना, ते सगळीकडे खरं नाही.

दक्षिण चीनमधल्या कँटोनीज लोकांची गोष्ट अजून वेगळी. त्यांच्यात नाकाच्या मागे घशाच्या वरच्या भागातला कॅन्सर बाकी जगापेक्षा कितीतरी जास्त. त्यात एका व्हायरसचा हात आहे, अनुवंशिकतेचाही आहे, आणि तिथल्या पद्धतीच्या खाऱ्या माशाचासुद्धा, विशेषतः अगदी लहानपणी पेजेबरोबर भरवलेल्या. हा मासा डब्ल्यूएचओच्या कॅन्सर संशोधन संस्थेच्या यादीत पहिल्या गटात आहे, म्हणजे कॅन्सर होतो हे पक्कं. लगेच घाबरून आपला बांगडा फेकू नका, हा निष्कर्ष त्यांच्या पद्धतीच्या माशाबद्दलचा आहे.

तरी आपलं सुकं बघायलाच हवं, कारण पाऊस लागायच्या आधी आगोटीला आपण जे भरून ठेवतो ते सगळं एकसारखं नसतं. बोंबील जबड्यात जबडा अडकवून वलांडीवर टांगतात आणि उन्हावाऱ्यावर सुकवतात, जवळा तर नुसता पसरून, त्यांना बहुतेक वेळा मीठ लावतच नाहीत. बांगडा मात्र चिरून, साफ करून मिठाच्या थरात दाबतात. तो भिजत घालून पाणी दोनदा बदललं तर बरंच मीठ निघून जातं. पण आपण काय करतो, तो तसाच निखाऱ्यावर भाजून पेजेबरोबर, पेजेत वरून मीठ, बाजूला लोणचं आणि सांडगी मिरची. आगळातही मीठ असतंच, त्यात सोलकढीत आपण परत घालतो.

इथेच परदेशातला सल्ला आपल्याला जसाच्या तसा चालत नाही. अमेरिकेत पोटात जाणाऱ्या मिठातलं साधारण ७० टक्के पाकिटातल्या आणि हॉटेलातल्या खाण्यातून येतं, म्हणून तिकडे सांगतात पाकीट वाचा. खेड्यातल्या आपल्या म्हातारीने कुठलं पाकीट वाचायचं, तिचं मीठ तर तिच्याच बरणीत आहे. उत्तर चीनच्या ६०० खेड्यांत लोकांची घरातली बरणीच बदलून बघितली, नेहमीच्या मिठाऐवजी पाव भाग पोटॅशियमवालं मीठ दिलं. २०२१ ला निकाल आला, स्ट्रोक १४ टक्के कमी. फक्त किडनीचा त्रास असेल किंवा बीपीच्या काही विशिष्ट गोळ्या चालू असतील तर हे मीठ डॉक्टरला विचारल्याशिवाय नको, पोटॅशियम वाढलं तर हार्टलाच धोका.

आणि समजा मीठ सांभाळलंत, ताजी मासळीच खाल्लीत, तरी अंग जपान्याचं नाही आपलं. इंटरहार्ट या ५२ देशांच्या अभ्यासात आपल्या दक्षिण आशियातल्या लोकांना पहिला अटॅक सरासरी ५३ व्या वर्षी आलेला दिसला, बाकीच्यांना जवळपास ५९ व्या. कारणं तीच, तंबाखू, शुगर, बीपी, पोटाचा घेर, फक्त आपल्यात ती लवकर गाठतात. (मशेरी लावणाऱ्या बायका 'मी कुठे तंबाखू खाते' म्हणतात, तर तीही तंबाखूच.) पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांचा एकत्र फोटो २००४ मध्ये लॅन्सेट या डॉक्टरी मासिकात आला होता. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा आकडा, अगदी सारखा, २२.३, पण अंगातली चरबी युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२! दिसायला दोघेही सडपातळ. याज्ञिकांच्याच टीमने पुण्याजवळच्या खेड्यांतली नवजात बाळं मोजली तर तीही इंग्लंडच्या बाळांपेक्षा कितीतरी हलकी, पण चरबी त्यामानाने टिकवून ठेवलेली.

म्हणून मोबाईलमधलं परदेशी अ‍ॅप २४ बीएमआयला हिरवा रंग दाखवत असेल तर तो रंग आपल्यासाठी नाही, आपल्याकडे २३ पासूनच जास्त धरतात. कंबरेचंही तसंच, अमेरिकेत पुरुषांना १०२ सेंटीमीटरपर्यंत सूट, आपल्याकडे पुरुषांना ९० आणि बायकांना ८०.